टीटीके चित्रा व्हॉल्व्ह: ११ वर्षं छातीत घेऊन फिरल्यावर लिहितेय

नोव्हेंबर २०१४ मध्ये माझ्या हार्टचा एओर्टिक व्हॉल्व्ह, म्हणजे हार्टमधून अंगभर रक्त जातं त्या वाटेवरचं दार, बदलला. बसवला तो टीटीके चित्रा, मेकॅनिकल, २१ नंबर. आता ११ वर्षं पूर्ण झाली. लिहायचं खूप दिवसांपासून डोक्यात होतं पण मुहूर्त लागत नव्हता. आता धाकट्या भावाच्या रिपोर्टमध्ये पण हेच निघालंय आणि तो रोज फोन करून एकच विचारतो, ताई कुठला बसवू, पुढं काय होतं, किती दिवस टिकतो. त्याला तुकड्या तुकड्यात सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढते म्हटलं, म्हणजे रिपोर्ट हातात घेऊन रात्री जागत बसलेल्या बाकीच्यांना पण उपयोग होईल. मी डॉक्टर नाही, कराडला शिवणकाम करते, ब्लाऊज आणि ड्रेस. त्यामुळे हे वाचून स्वतःची गोळी कमी जास्त करू नका, ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

आधी सुरुवात कशी झाली ते सांगते कारण बायका इथंच फसतात. ४१ वय होतं माझं. वर्षभर धाप लागत होती, जिना चढला की मध्ये थांबायचं, कापडाचा गठ्ठा उचलला की छाती भरून यायची. घरात सगळे म्हणायचे रक्त कमी असेल, खात नाहीस वेळेवर, मी पण तेच धरून चालले आणि लोहाच्या गोळ्या खाल्ल्या चार महिने. मग एका संध्याकाळी प्रीतिसंगमाच्या घाटाच्या पायऱ्या चढून वर येताना डोळ्यापुढं अंधारी आली आणि मी खालीच बसले. दुसऱ्या दिवशी ज्या डॉक्टरांकडं गेलो त्यांनी स्टेथोस्कोप लावला, काढला, परत लावला, मानेपाशी पण ऐकलं आणि म्हणाले ताई आजच टूडी इको, म्हणजे हार्टची सोनोग्राफी, करून घ्या.

रिपोर्टमधले आकडे अजून पाठ आहेत. आपल्या एओर्टिक व्हॉल्व्हला तीन पाकळ्या असतात, माझ्या जन्मापासूनच दोन. शंभरात एखाद दुसऱ्या माणसाच्या असतात म्हणे, आणि बऱ्याच जणांना ते आयुष्यभर कळत पण नाही. दोन पाकळ्यांवर ताण जास्त येतो, मग त्यावर चुन्यासारखा कॅल्शियम बसत जातो आणि दार उघडेनासं होतं. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की ३ ते ४ चौरस सेंटीमीटर जागा असते, माझी राहिली होती ०.७. एकच्या खाली गेली की सिव्हिअर म्हणतात. मीन ग्रेडियंट, म्हणजे व्हॉल्व्हच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला सरासरी फरक, ५८ होता, ४० च्या वर गेला तरी सिव्हिअर. एवढ्याशा फटीतून रक्त ढकलून ढकलून हार्टची भिंत १५ मिलीमीटर जाड झाली होती. मी विचारलं गोळ्यांनी नाही का होणार, तर ते म्हणाले दार गंजलंय त्याला गोळी काय करणार. धाप, चक्कर, छातीत दुखणं एकदा सुरू झालं की ऑपरेशन न करता बसणारी बरीचशी माणसं दोन ते पाच वर्षांत जातात हे पण त्यांनी स्पष्ट सांगितलं. तेव्हा राग आला होता त्यांचा. आज वाटतं तसं तोंडावर सांगितलं म्हणून मी वेळेत गेले.

आता भावाचा मुख्य प्रश्न, कुठला बसवायचा. दोन प्रकार असतात. एक टिश्यूचा, म्हणजे गाईच्या हृदयाच्या आवरणापासून किंवा डुकराच्या व्हॉल्व्हपासून बनवलेला. त्याला रक्त पातळ करायची गोळी जन्मभर लागत नाही, पण तो झिजतो. साधारण १० ते १५ वर्षं धरतात आणि वय जितकं कमी तितका लवकर खराब होतो. दुसरा मेकॅनिकल, तो शक्यतो झिजत नाही पण गोळी आणि रक्ततपासणी मरेपर्यंत. माझ्या सर्जननी सांगितलं ताई तुम्ही ४१ च्या, टिश्यू बसवला तर पन्नाशी पंचावन्नच्या आसपास परत छाती उघडावी लागेल, आणि दुसऱ्यांदा उघडणं पहिल्यापेक्षा अवघड. पन्नाशीच्या आत मेकॅनिकल, पासष्टीनंतर टिश्यू आणि मधल्या वयात पेशंटशी बोलून ठरवायचं असं साधारण गणित असतं. पुढं २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पेशंटांचा एक मोठा अभ्यास आला, त्यात ४५ ते ५४ वयात एओर्टिक व्हॉल्व्ह बदललेल्यांमध्ये १५ वर्षांत टिश्यूवाले जवळपास ३१ टक्के गेले आणि मेकॅनिकलवाले २६ टक्के. वाचून मला बरं वाटलं, पण फरक काही आभाळाएवढा नाही हे पण तेवढंच खरं. म्हणून ज्याला गोळी आणि तपासणी सांभाळणं खरंच शक्य नाही, म्हणजे गावात लॅब नाही, सतत फिरती नोकरी आहे, दारू आहे, त्यानं तरुण असला तरी टिश्यूचा विचार डॉक्टरांशी बोलून जरूर करावा. आणि ज्या मुलींना पुढं बाळ हवंय त्यांनी तर ऑपरेशनच्या आधी हा विषय काढलाच पाहिजे, कारण ही रक्त पातळ करायची गोळी पोटातल्या बाळाला त्रासाची असते आणि मेकॅनिकल व्हॉल्व्ह घेऊन बाळंतपण म्हणजे आईला पण मोठी जोखीम. आमच्या गल्लीतल्या एका २४ वर्षांच्या मुलीच्या घरच्यांनी लाजेकाजेनं हे विचारलंच नाही आणि नंतर सगळे रडत बसले.

व्हॉल्व्ह हातात घेऊन बघितला होता मी. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सर्जननी सॅम्पल आणून दाखवला. एका धातूच्या कड्यात पांढरी चकती, बोटानं ढकलली की कलंडते, सोडली की परत बसते. बस, एवढंच. कड्याच्या बाहेरून कापडाची गादी असते गोल, पॉलिएस्टरची, आणि माझी नजर गेली ती तिथंच. मी २० वर्षं पायपीन लावतेय, गोल गळ्याला पट्टी लावताना एक टाका ओढला गेला की सगळा गळा चुण्या खातो, मग हे हार्टमध्ये कसं शिवत असतील? त्यांना तसंच विचारलं. ते खुश झाले आणि कागदावर काढून दाखवलं. जुना व्हॉल्व्ह कापून काढायचा, चुना सगळा खरवडून काढायचा, मग गोल कडेनं बारा पंधरा दोरे घालून ठेवायचे, एक हिरवा एक पांढरा एक हिरवा एक पांढरा, म्हणजे गुंता होत नाही आणि कुठल्या टाक्याची जोडी कुठली ते कळतं. प्रत्येक दोऱ्याखाली टेफ्लॉनचा चौकोनी छोटा तुकडा, टाका फाडून निघू नये म्हणून, आपण बटणाखाली कापडाचा तुकडा लावतो तसा. सगळे दोरे व्हॉल्व्हच्या गादीतून ओवून घेतले की व्हॉल्व्ह सरकवत खाली बसवायचा आणि एकेक गाठ मारायची. हे ऐकल्यावर माझी अर्धी भीती गेली. म्हटलं हा माणूस शिवणारा आहे.

नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आमच्या घरच्यांना वाटलं देशी म्हणजे हलका माल असणार, बाहेरचा घेऊ, कर्ज काढू. मिस्टरांनी तर सोनं मोडायची तयारी केली होती. पण नंतर मी जे काही वाचलं आणि डॉक्टरांकडून ऐकलं त्यावरून सांगते, हा व्हॉल्व्ह तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत बनला, डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या हाताखाली. बाहेरचे व्हॉल्व्ह गरीब पेशंटला परवडत नव्हते म्हणून त्यांनी हा उद्योग सुरू केला. आधीची तीन मॉडेलं फसली, त्यातल्या एकात तर नीलमच्या स्फटिकाची चकती होती, ती मेंढीवर चाचणी करताना तुटली. चौथ्यात चकती केली दणकट प्लास्टिकची, म्हणजे गुडघा आणि खुब्याच्या बदललेल्या सांध्यात जे पॉलिथिलीन वापरतात त्याच जातीची, आणि कडं कोबाल्टच्या मिश्रधातूचं. ६ डिसेंबर १९९० ला पहिला पेशंटला बसवला. आता लाखाच्या वर लोकांना बसलाय. वलियाथन सर २०२४ मध्ये गेले, ती बातमी वाचली त्या दिवशी मी मशीन बंद ठेवलं आणि देवापुढं दिवा लावला. मी त्यांना कधी बघितलं पण नाही.

पैशाचं सांगायचं तर माझं ऑपरेशन योजनेतून झालं. तेव्हा नाव राजीव गांधी जीवनदायी होतं, २०१७ पासून महात्मा फुले जनआरोग्य म्हणतात. केशरी रेशनकार्ड होतं. व्हॉल्व्ह, ऑपरेशन, आयसीयू सगळं त्यातच बसलं, आमचा खर्च झाला तो जाण्यायेण्याचा, राहण्याचा आणि रक्त देणाऱ्यांच्या चहापाण्याचा. सोनं मोडावं लागलं नाही. ज्यांना वाटतं हार्टचं ऑपरेशन म्हणजे घर विकावं लागेल त्यांनी आधी हॉस्पिटलात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला भेटा.

ऑपरेशनबद्दल फार लिहित नाही, झोपेतच होते. छातीचं हाड मधोमध कापतात, हार्ट लंग मशीनवर घेतात, हार्ट थांबवतात, काम झालं की परत चालू करतात, हाड स्टीलच्या तारेनं बांधतात आणि ती तार कायम आतच राहते. ज्यांना फक्त हा एकच व्हॉल्व्ह बदलायचाय आणि बाकी तब्येत बरी आहे त्यांच्यात चांगल्या ठिकाणी शंभरात एक ते तीन जण दगावतात असं आम्हाला सही घेताना सांगितलं होतं. सगळ्यात जास्त दुखलं ते छातीतल्या नळ्या काढताना, तो अर्धा मिनिट मी विसरू शकत नाही. तिसऱ्या दिवशी ठोके विस्कटले, छातीत पाखरू फडफडतंय असं वाटत होतं, मी घाबरून सिस्टरना हाक मारली तर त्या म्हणाल्या बऱ्याच जणांना होतं हो, औषध चालू केलं आणि दोन दिवसांत ताल परत आला. तीन बॉलवालं फुंकण्याचं यंत्र देतात ते कंटाळा न करता करा, श्वास आत ओढायचा असतो, फुंकायचं नसतं, मी दोन दिवस उलटंच करत होते. खोकताना उशी छातीशी घट्ट धरा. दीड दोन महिने कळशी, सिलेंडर, पोर काही उचलायचं नाही.

आणि बायकांनो एक गोष्ट कुणीच सांगत नाही, टाक्याची रेघ बरोबर ब्लाऊजच्या हुकांच्या पट्टीखाली येते. घासून घासून लाल झाली होती माझी. मी मग जुन्या मऊ सुती साडीचे तीन ब्लाऊज शिवले, पुढं हुक नाहीत, बाजूला नाडी, पट्टीच्या जागी आतून मलमलचं दुहेरी अस्तर. वॉर्डातल्या दोघींना पण शिवून दिले. ऑपरेशनच्या आधीच असे दोन तीन तयार करून ठेवा, नंतर दोन महिने हात वर करून मशीनवर बसता येत नाही.

आता निकाल. तीन महिन्यांनी पहिला इको झाला. मीन ग्रेडियंट ५८ चा १४ झाला होता. शून्य होत नाही हे लक्षात ठेवा, कुठलाही कृत्रिम व्हॉल्व्ह थोडा अडथळा करतोच, म्हणून हा पहिला इको जपून ठेवायचा कारण पुढच्या सगळ्यांची तुलना त्याच्याशी करतात. माझ्याकडं तो प्लास्टिकमध्ये घालून कपाटात आहे, रेशनकार्डाच्या शेजारी. वर्षभरात हार्टची भिंत १५ ची ११ वर आली. मला वाटायचं जाड झालेलं हार्ट आता तसंच राहणार, तर नाही, ओझं उतरलं की ते हळूहळू परत येतं. ११ वर्षांनंतरचा गेल्या महिन्यातला इको ग्रेडियंट १५, गळती नाही, चकती नीट हलतेय. दिवसाला लाखभर ठोके धरले तर ४० कोटीच्या वर वेळा ती चकती उघडली आणि मिटलीय. माझी शिलाई मशीन एवढ्या वर्षांत दोनदा बदलली.

घाटाच्या पायऱ्या मी पाच महिन्यांनी चढले. मिस्टर मागून येत होते हात पुढं करून, पडले तर धरायला. वर पोचले आणि मागं वळून बघितलं तर धाप त्यांनाच लागलेली.

आवाजाचं पण विचारतात सगळे. माझ्या शेजारच्या बेडवर एका काकांना बाहेरचा दोन पानांचा कार्बनचा व्हॉल्व्ह बसला होता, रात्री वॉर्ड शांत झाला की त्यांच्या घड्याळासारखी टकटक मला ऐकू यायची. चित्राचा आवाज प्लास्टिकच्या चकतीमुळं मंद आहे. डाव्या कुशीवर झोपलं, कान उशीत दाबला गेला की येतो, एरवी नाही. पहिले सहा महिने मी रात्र रात्र तोच मोजत पडायचे. मग एकदा मुलगी, तेव्हा नऊ वर्षांची, माझ्या छातीवर डोकं ठेवून म्हणाली आई तुझ्यात कोणीतरी दार वाजवतंय आणि तशीच झोपली. त्यानंतर मला त्या आवाजाचा त्रास झाला नाही. उलट आता झोपताना तो ऐकला नाही तर चुकल्यासारखं वाटतं.

इथपर्यंत व्हॉल्व्हला पाच पैकी पाच. पण भाऊ, आता नीट वाच. व्हॉल्व्ह चांगला बसला म्हणजे निकाल चांगला लागला असं नसतं. निकाल लागतो तो आयएनआरच्या वहीत.

बाहेरची वस्तू रक्तात असली की रक्त तिच्यावर गोठायला बघतं. गोठू नये म्हणून अ‍ॅसिट्रॉम किंवा वॉर्फ देतात. आयएनआर म्हणजे रक्त किती पातळ झालंय त्याचा आकडा, साध्या माणसाचा १ च्या आसपास, माझा डॉक्टरांनी २ ते ३ ठेवायला सांगितलाय. खाली गेला की गुठळी, ती मेंदूत गेली तर लकवा, व्हॉल्व्हवर बसली तर व्हॉल्व्ह अडकतो. वर गेला की रक्तस्राव. गोळी नीट घेऊन पण वर्षाला शंभरातल्या एक दोघांना मोठा रक्तस्राव आणि साधारण तेवढ्यांनाच गुठळीचा त्रास होतो असं मला सांगितलंय. म्हणजे जोखीम कधी संपत नाही, ती रोज संध्याकाळी सात वाजता एका गोळीनं ताब्यात ठेवायची असते.

माझ्याकडं शाळेची २०० पानी वही आहे, तिसरी चालू आहे. तारीख, आकडा, गोळीचा डोस, आणि शेवटच्या रकान्यात त्या महिन्यात काय वेगळं झालं ते. लग्न, ताप, प्रवास, उपास. तो शेवटचा रकाना माझा मीच वाढवला आणि त्यानंच मला वाचवलं. उदाहरण सांगते. २०१६ च्या जानेवारीत आकडा एकदम १.४. गोळी एक पण चुकली नव्हती. डॉक्टरांनी विचारलं खाण्यात काय बदललं, मी म्हटलं काहीच नाही, आणि मग वही बघितली तर लिहिलेलं, मेथी स्वस्त, रोज भाजी. पालेभाज्यांत व्हिटॅमिन के असतं, ते या गोळीच्या उलट काम करतं. लोक सांगतात पालेभाजी बंदच करा, ते चुकीचं आहे. बंद करायची नाही, रोज साधारण सारखी खायची. मी आता आठवड्यात दोनदा, ठरलेल्या वारी, ठरलेली वाटी.

उलटा प्रकार २०१८ मध्ये झाला आणि तो जिवावर बेतला असता. जुलाब लागले म्हणून जवळच्या दवाखान्यात गेले, नाव लिहित नाही, त्यांनी मेट्रोनिडाझोल दिलं. मी सांगितलं होतं अ‍ॅसिट्रॉम चालू आहे म्हणून, ते हो हो म्हणाले आणि लिहून दिलं. पाचव्या दिवशी सकाळी ब्रश करताना बेसिन लाल. दंडावर तळहाताएवढा काळानिळा डाग, कुठं आपटल्याचं आठवत नव्हतं. आयएनआर ६.८ आला. दोन दिवस अ‍ॅडमिट, गोळी बंद, रोज तपासणी. हे औषध अ‍ॅसिट्रॉमचा जोर खूप वाढवतं हे मला नंतर कळलं. बुरशीच्या गोळ्या, बऱ्याच अँटिबायोटिक, सगळ्यांचं थोडंफार तसंच. तेव्हापासून नवीन काहीही औषध सुरू झालं की चौथ्या पाचव्या दिवशी मी आयएनआर करतेच, कुणी सांगो न सांगो. अंगदुखीच्या डायक्लोफेनॅक, आयब्रुफेनसारख्या गोळ्या मनानं घेत नाही, ताप आला तर पॅरासिटामॉल ते पण थोडं. कमरेतलं इंजेक्शन घेत नाही. आयुर्वेदिक, काढे, कुणी काहीही प्रेमानं दिलं तरी आधी डॉक्टरांना फोटो पाठवते.

लॅबचं पण बघा. एकदा एकाच दिवशी दोन लॅबमध्ये रक्त दिलं, एकीकडं २.१ आणि दुसरीकडं ३.२. मी कुठल्यावर विश्वास ठेवायचा? तेव्हापासून एकच लॅब धरली, सकाळीच जाते. दोन वर्षांपूर्वी भाच्यानं घरी बोटातून बघायचं मशीन आणून दिलं, साखरेच्या मशीनसारखं. पट्ट्या महाग पडतात म्हणून महिन्याची नेहमीची तपासणी लॅबमध्ये आणि शंका आली तर मशीन, अशी वाटणी केलीय. पण रात्री अकरा वाजता हिरडीतून रक्त आलं आणि मिनिटभरात आकडा २.७ बघून शांत झोपता आलं, त्याची किंमत ज्याला झालंय त्यालाच कळेल.

आता मासिक पाळीचं. मला एकाही माणसानं आधी सांगितलं नाही, ना डॉक्टरनी ना सिस्टरनी, म्हणून मोकळं लिहिते. गोळी सुरू झाल्यावर पाळी एवढी जायला लागली की दोन दोन तासांनी बदलायचं, आठ आठ दिवस. मी गप्प राहिले. वर्षभरात हिमोग्लोबिन ७.२ वर आलं आणि परत तीच धाप. मला वाटलं व्हॉल्व्ह गेला. रात्रभर रडले, इको केला तर व्हॉल्व्ह ठणठणीत, रक्तच नव्हतं अंगात. काहींनी पिशवी काढा म्हणून सुचवलं, पण त्यासाठी गोळी थांबवायची, तेवढ्यापुरतं रक्त पातळ ठेवायच्या हेपरिनच्या इंजेक्शनवर घ्यायचं, केवढा खटाटोप. शेवटी स्त्रीरोगतज्ज्ञ बाई आणि हार्टचे डॉक्टर फोनवर बोलले आणि मिरेना बसवली, म्हणजे हार्मोनवाली कॉपर टी सारखी वस्तू. चार पाच महिन्यांत पाळी नावाला उरली आणि हिमोग्लोबिन ११ झालं. मेकॅनिकल व्हॉल्व्ह बसवणाऱ्या प्रत्येक बाईला हे पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे. नाहीतर होतं काय, बाई घाबरून स्वतःच गोळी कमी करते.

गोळी कमी केल्यावर काय होतं ते मी बघितलंय. वॉर्डातली एक, माझ्याहून लहान, आम्ही फोनवर बोलायचो. तीन वर्षांनी तिला वाटलं आता मी बरी आहे, शेतात राबते, कशाला गोळी, आणि दोन अडीच महिने बंद केली. एका रात्री श्वास घेता येईना. व्हॉल्व्हवर गुठळी बसून चकती अडकली होती. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देऊन वाचवली, पण त्याच वेळी एक तुकडा मेंदूत गेला आणि उजवा हात अजून नीट चालत नाही. तिचा व्हॉल्व्ह तोच होता, सर्जन तेच, महिना पण तोच.

ज्यांना नवीन गोळ्यांचं ऐकून वाटतं की तपासणी नको असलेल्या गोळ्या निघाल्यात मग त्या घेऊ, त्यांच्यासाठी. त्यातली डॅबिगॅट्रान मेकॅनिकल व्हॉल्व्हवर देऊन बघितली होती, २०१२ च्या शेवटी तो प्रयोग मध्येच थांबवला कारण गुठळ्या पण जास्त झाल्या आणि रक्तस्राव पण. नंतर अ‍ॅपिक्साबानचा पण ऑन-एक्स नावाच्या मेकॅनिकल व्हॉल्व्हवर प्रयोग झाला, तो पण २०२२ मध्ये थांबवला. म्हणजे आजच्या तारखेला आपल्याला जुनीच गोळी. मैत्रिणीच्या सासऱ्यांना ती नवीन गोळी चालते कारण त्यांना ठोक्यांचा आजार आहे, व्हॉल्व्ह नाही.

दातांचं लक्षात ठेवा. व्हॉल्व्हला जंतू लागले तर फार वाईट. दात काढायचा, रूट कॅनॉल, हिरडीतलं काही करायचं असलं की तासभर आधी अँटिबायोटिकचा मोठा डोस घ्यायचा असतो, मला अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम सांगितलंय. आणि डेंटिस्ट म्हणाले गोळी पाच दिवस बंद करा तर लगेच बंद करू नका, आधी हार्टच्या डॉक्टरांना विचारा. माझं रूट कॅनॉल गोळी चालू ठेवूनच झालं, आयएनआर २.४ होता, काही झालं नाही. ताप चार दिवसांच्या वर राहिला तर नुसती तापाची गोळी घेत बसू नका, ब्लड कल्चर, म्हणजे रक्तात जंतू आहेत का ती तपासणी, करा म्हणून सांगा.

शिवणकाम चालू आहे. सुई बोटात जाते, पाच मिनिटं दाबून धरावं लागतं, पांढऱ्या कापडावर थेंब पडू नये म्हणून अंगुस्तान घालायची सवय लावली. एमआरआय झाला एकदा, व्हॉल्व्हचं कार्ड दाखवलं, काही अडचण आली नाही. ते कार्ड पाकिटात कायम, आणि मोबाईलमध्ये फोटो.

मावशीचं पण सांगते कारण तिच्यामुळं गोंधळ होतो. तिला ७८ व्या वर्षी टावी केली, मांडीच्या नसेतून तार घालून व्हॉल्व्ह सोडतात, छाती उघडत नाहीत. चौथ्या दिवशी ती घरी स्वयंपाकाला. हे तंत्र फ्रान्समध्ये अ‍ॅलन क्रिबिए यांनी २००२ मध्ये पहिल्यांदा माणसात केलं, आता आपल्याकडं वापीला पण असा व्हॉल्व्ह बनतो, मायव्हॅल (Myval) नावाचा. म्हाताऱ्या माणसाला वरदान आहे. पण तो टिश्यूच असतो, खर्च बराच जास्त, आणि काहींना नंतर पेसमेकर लागतो. भाऊ ४७ चा आहे, तो म्हणतो मला पण मावशीसारखंच करा, चार दिवसांत दुकान उघडता येईल. अरे तुला तीस चाळीस वर्षं काढायचीत. तुझ्या वयाला, त्यातून दोन पाकळ्यांच्या व्हॉल्व्हला, काय योग्य ते सर्जन आणि कार्डिओलॉजिस्ट दोघांना समोरासमोर बसवून विचारू.

त्याचं कळलं ते पण माझ्यामुळंच. दोन पाकळ्यांचा व्हॉल्व्ह घराण्यात चालतो, आईवडील, भावंडं, मुलं सगळ्यांचा इको एकदा करा म्हणून मला डिस्चार्जच्या दिवशीच सांगितलं होतं. माझ्या मुलीचा केला, तीन पाकळ्या, नॉर्मल. भावानं नऊ वर्षं टाळाटाळ केली. आता त्याची जागा १.१ आहे, ग्रेडियंट ३४, महाधमनी पण थोडी रुंद झालीय, आणि डॉक्टर म्हणतात सहा महिन्यांनी परत बघू. धाप नाही म्हणतो, पण परवा मंडईतून पिशवी घेऊन येताना दोनदा थांबला, मी बघितलं.

तर चित्रा व्हॉल्व्ह, माझ्याकडून पाच पैकी पाच. ऑपरेशननंतर गोळी आणि आहार समजावून सांगायची पद्धत, पाच पैकी दोन, आणि ते दोन पण त्या एका रात्रपाळीच्या सिस्टरसाठी जिनं माझ्याकडून वहीचं पहिलं पान आखून घेतलं. भावासाठी मी कालच एक नवी वही आणलीय, २०० पानी, रकाने आखून ठेवलेत. गुरुवारी त्याचा इको आहे, सकाळी साडेआठला स्टँडवर ये, मी डबा घेऊन येते.